तोफेच्या तोंडासमोर

पनवेलच्या संग्रहालयातला पहारेकरी तोफेच्या तोंडासमोरून कधीच जायचा नाही. मागून वळसा घालायचा. मला हसू यायचं. ती तोफ मूळची कुठली, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं.

"आमच्या मोरा बंदराच्या धक्क्यावरची हाय, सायेब. आमी होड्या बांधायचो तिला. आजा सांगायचा, भरलेली हाय, कुनी उडवलीच नाय," पहारेकरी म्हणाला.

काल तोफेची घडण ओळखायला मी नळीची आतली खोली मोजत होतो. काठी निम्म्यातच अडली. बाहेर काढली, तर टोकाला काळी भुकटी. मी वाकून आत डोकावलो, तोच तो धावत तोंडासमोर आला आणि त्याने मला बाजूला ओढलं.

"हलू बोला," तो कुजबुजला. मी तर बोललोच नव्हतो.

बाहेर पडताना मीही मागूनच वळसा घातला.