लवणातल्या चार पेट्या

गंगापूर रोडच्या पुढे, नदीच्या अंगाला आमचा चार एकरांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, दोडके, कारली आणि बांधाकडेनं शेवंती. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मळ्याची सगळी माहिती त्यांच्या डोक्यात. नवरा सातपूरला कंपनीत, त्याची शिफ्ट ड्यूटी, शेतीशी त्याचा संबंध सुट्टीपुरता.

नव्वदच्या दशकात, माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली असतील, मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, "दे". पाणी हवं असलं तरी दे, पाठीला खाज आली तरी दे, रेडिओ बंद करायचा असला तरी दे. आम्ही पेला पुढे करायचो, ते मान हलवायचे. चहा आणायचो, ते तोंड फिरवायचे. त्यांना सगळं समजत होतं, आणि ते आम्हालाही माहीत होतं. इलाज नव्हता.

मळा माझ्या गळ्यात पडला. मी येवल्याच्या शिंप्याची मुलगी. विचारत विचारत शिकत होते, पण ज्यांना विचारायचं ते बोलू शकत नव्हते. दुसऱ्या वर्षी कारल्याला फुलं लय आली आणि फळ धरेना. खतं-औषधांच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, मधमाश्या ठेवा. मग मी शहरात पाच दिवसांचं शिक्षण घेतलं, आणि दिवाळीनंतर तिथले शिक्षक हरसूलकडून सातेरी माश्यांच्या चार पेट्या जीपमधून घेऊन आले. "जागा नीट निवडा, ताई," ते म्हणाले. "एकदा पेटी ठेवली की उगाच हलवायची नाही."

जागेसाठी मी दोन दिवस मळाभर हिंडले. सकाळचं ऊन पेटीच्या तोंडावर यायला हवं, दुपारी सावली हवी. पाणी जवळ हवं. वारा नको, माणसांची वर्दळ नको. वरच्या बांधावर करंजाचं झाड होतं, पण तिथं वारा लागायचा आणि शेजारून पायवाट जायची. खाली नदीकडे जमीन जिथं खोलगट होते, त्या भागाला आमच्याकडे लवण म्हणायचे. तिथं सगळं जुळलं. तिन्ही बाजूंनी आडोसा, पाटाचं पाणी दहा पावलांवर, पूर्व मोकळी. मला फार आनंद झाला होता. आपल्या आपण काहीतरी बरोबर निवडलं असं पहिल्यांदाच वाटत होतं.

मामांची बाज मोटारीच्या खोलीपाशी असायची, तिथून लवण दिसायचं. आम्ही पेट्या ठेवायला लोखंडी घोड्या मांडल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, तेवढ्यात वरून "दे, दे, दे" सुरू झालं. मी धावत गेले. डाव्या हातानं ते लवणाकडे दाखवत होते, मग गोधडी ओढून गळ्यापर्यंत घेत होते, परत हात लवणाकडे.

"थंडी वाजते का, मामा?"

त्यांनी जोरात मान डोलावली. मी आतून शाल आणून अंगावर घातली. त्यांनी ती खेचून खाली फेकली.

"द्यायचं तरी काय यांना?" नवरा वैतागला. "माश्यांना घाबरत असतील. बाज पलीकडं घेऊ."

आम्ही बाज भिंतीआड नेली. जाताना त्यांनी माझं मनगट धरलं, आणि मी ते हळूच सोडवून घेतलं, कारण पेट्या उन्हात होत्या.

दोन महिने छान गेले. माश्या शेवंतीवर यायच्या, पाटावर पाणी प्यायच्या. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी मेथी काढायला खाली गेले तर लवणातली मेथी पांढरी दिसली. पानांवर बर्फ होता, अगदी खराखुरा, बोटाला लागणारा. वरच्या वाफ्यांत मात्र नुसतं दव.

पेट्यांच्या तोंडाशी हालचाल नव्हती. ऊन वर येईपर्यंत थांबले आणि पहिलं झाकण काढलं. आत झाकणाला पाणी धरलेलं. माश्यांचा मुठीएवढा गोळा पोळ्याला चिकटून होता. बोट लावलं तर तो आख्खा खाली पडला. दुसऱ्या पेटीतही तेच. तिसरीत थोड्या हलत होत्या, मी त्यांच्यावर तोंडाची वाफ सोडत बसले. दुसरं काय करायचं ते मला शिकवलेलं नव्हतं. चौथी तेवढी धडधाकट होती.

शेजारच्या मळ्यातल्या आजी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "लवणात ठेवल्या व्हय गं? तिथं थंडी साचती. तुझा सासरा संक्रांतीपतुर शेवंतीचं रोपसुदिक तिथं लावत नसायचा."

मी पांढऱ्या मेथीची काडी घेऊन वर गेले. मामांच्या हातात दिली. त्यांनी ती पाहिली आणि डाव्या हातानं गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

"हेच सांगत होतात?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. झटक्यानंतर त्यांना रडू पटकन यायचं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. पण त्या दिवशी मला ते कारण पुरेना.

तिसरी पेटी आठवड्यात रिकामी झाली. चौथीसाठी मी नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावली. भाजीच्या हातगाडीवर गादी टाकून मामांना बसवलं आणि मळ्यात फिरवलं. "इथं? इथं?" वरच्या बांधावर, करंजापाशी त्यांनी मान डोलावली. वाऱ्याच्या बाजूला हात करून बोटं आडवी फिरवली. मी त्या बाजूनं वाऱ्याला आडोसा म्हणून तुरकाट्यांचा कूड घातला. माश्या वाट चुकू नयेत म्हणून रोज थोडी थोडी सरकवत पेटी वर आणली. फेब्रुवारीत शेवगा फुलला, आणि मामांची बाज पुन्हा माश्या दिसतील अशी ठेवली.

मार्चमध्ये पायवाटेपलीकडच्या प्लॉटवर बंगल्याचं काम सुरू झालं. दिवसभर काँक्रीटचं मशीन, धूळ, जमिनीला हादरे. माश्या बिथरल्या होत्या. मी मुकादमाला जाऊन सांगितलं, तो हसला. "ताई, माश्यांसाठी काम थांबवू?" मामांनाही विचारलं, आता कुठं? त्यांनी चहूकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

एका सकाळी मी मोटार लावून मेथीच्या जुड्या धूत होते. मोटारीच्या आवाजात "दे, दे" ऐकू आलं. चहाची वेळ झाली होती. "आणते, मामा, एवढं होऊ द्या," असं म्हणून मी उरलेल्या जुड्या धुतल्या. चहा घेऊन गेले तेव्हा ते बाजेवरून अर्धे खाली लोंबत होते, हात आभाळाकडे. करंजाच्या वर माश्यांचा काळा घोळका फिरत होता. बघता बघता तो नदीपलीकडे गेला. मी चहा खाली ठेवून चार पावलं पळाले आणि थांबले. पेटीत दोन-चार पिल्लं तेवढी उरली होती.

मामांना उचलून नीट बसवायला मला एकटीला बराच वेळ लागला. दोघंही दमलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शिक्षक पेट्या परत न्यायला आले तेव्हा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मी हो म्हटलं, पण पुढच्या वर्षी पलीकडे आणखी दोन बंगले उभे राहिले.

मामा अजून दोन वर्षं जगले. मी त्यांना प्रत्येक गोष्ट विचारत असे, वांगी कुठं लावू, पाणी आज देऊ की उद्या. ते मान डोलावत आणि मी तसं करत असे. कधी पीक साधलं, कधी गेलं. गेलं तेव्हा त्यांचं चुकलं होतं की मी त्यांचा होकार नीट वाचला नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही.