काचेच्या खोलीचं दार

बांधकाम तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने दार ओढून पाहिलं. हललं नाही. खाली वरवंटा लावून ते उघडं ठेवलं होतं.

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत मी घरांना जोडायच्या खोल्यांची ड्रॉइंग्ज करायचो. पिस्कॅटवेची ही खोली डॉ. वानखेड्यांच्या आईसाठी होती. थंडीत या मावशींचे गुडघे आखडायचे. "यंदा ऊन मिळालं नाही तर मी नागपूरला चालले," असं त्यांनी मुलाला बजावलं होतं. म्हणून तीन बाजूंनी काच.

तेलटंचाईनंतर एनर्जी कोड, म्हणजे ऊर्जा वाचवायचे बांधकामाचे नियम, आले होते. काचेतून घरातली ऊब भराभर बाहेर जाते, म्हणून काच किती लावायची याला मर्यादा. आम्ही ती केव्हाच ओलांडली होती. पण एक सवलत होती. खोलीत हीटिंग द्यायचं नाही आणि घराकडचं दार घट्ट बंद ठेवायचं. मग ती खोली घराबाहेरची धरतात, तिला काचेची मर्यादा लागत नाही. मी ड्रॉइंगमध्ये दार दाखवलं, परमिट मिळालं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

"हे नेहमी उघडं असतं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"ऑलवेज! आजी लाइक्स इट ओपन," डॉक्टरांची मुलगी म्हणाली.

"मग ही खोली घरातलीच. फायनल अप्रूव्हल देता येणार नाही."

तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "यार, तो परत येईल तेव्हा बंद ठेवू. नंतर कोण बघतंय?"

खोटं कशाला सांगू, मलाही तेच सुचलं होतं. तरी मावशींना विचारलं, "दार लावून बसलात तर नाही चालणार?"

"घरातलं काहीच ऐकू येत नाही रे. सगळे आत, आणि मी एकटी काचेच्या पेटीत. त्यापेक्षा नागपूर बरं."

मला लाज वाटली. काच इंचाइंचाने मोजली होती, पण बसणाऱ्या बाईला एक शब्द विचारला नव्हता.

मग सगळं घर एक धरून पुन्हा हिशोब मांडला. कोडमध्ये तीही सोय होती: एकीकडे जास्त गेलेली ऊब दुसरीकडे वाचवून दाखवायची. दक्षिणेची काच ठेवली. पूर्व-पश्चिमेला निम्म्या काचेच्या जागी भिंत आली. घराच्या छताखाली इन्सुलेशनचा आणखी एक जाड थर घातला. डॉक्टर कुरकुरले, पण तयार झाले.

दुसऱ्या इन्स्पेक्शनला दारच नव्हतं. इन्स्पेक्टरने आकडे तपासून सही केली. मावशींनी माझ्याकडे बोट दाखवत जागेवरूनच सुनेला हाक मारली, "अगं, याच्यासाठी चहा टाक." आतून लगेच "हो आई" आलं.

तेव्हापासून खोलीत कोण बसणार हे मी आधी विचारतो. काच किती हवी, ते नंतर.