सतरा नंबरचं टोकन

परवा पलासियाच्या बँकेत मशीन बोललं, "टोकन क्रमांक सतरा." कुणी उठलं नाही. मशीन त्याच गोड आवाजात पुन्हा बोललं. मी वळून बाकांकडे पाहिलं.

बेटम्याच्या शाखेत मी कॅशियर होतो. तेव्हा पितळी टोकनं असायची आणि नंबर मीच ओरडायचो. आठवडी हाटाचा दिवस होता, तुडुंब गर्दी. "सत्रह! अरे भिया, सो गए क्या?" लोक हसले. बाकावर मिरचीवाले रामलालजी भिंतीला टेकून बसले होते. शेजारच्यानं हलवलं, तर ते कलंडले.

कुणीतरी डॉक्टरकडे धावलं. मॅनेजरसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "पहले टोकन ले लो. गुम गया तो लिखा-पढ़ी होगी."

रामलालजींची मूठ घट्ट होती. मी नाडी पाहिली नाही, एकेक बोट सोडवून टोकन काढलं. "मिल गया, सर." डॉक्टर आला तेव्हा सगळं संपलं होतं. टोकनावरच्या मिरचीनं रात्रभर माझ्या बोटांची आग होत राहिली.

ते आधीच गेले होते, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण मी उघडलेलं प्रत्येक बोट परत मिटत होतं.