सईच्या गावाची चौकशी

२०१५च्या एप्रिलमध्ये सिंगापूरला उतरले, तेव्हा विमानतळावरच्या ऑर्किडपाशी जरा रेंगाळायचं ठरवलं होतं. मिलिंदने रेंगाळू दिलं नाही. माझा हा धाकटा भाऊ चांगी बिझनेस पार्कात एका बँकेत आयटी मॅनेजर आहे. ट्रॉली ढकलता ढकलता तो म्हणाला, "ताई, त्या गावात एकदा मोठी आग लागली होती."

"कुठल्या गावात?"

"सईच्या!"

सई माझी भाची, मिलिंदची मुलगी. तिला अमेरिकेतल्या एका चिमुकल्या गावातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. होकार रविवारपर्यंत कळवायचा होता आणि मिलिंदचं मन होत नव्हतं. आपल्याकडे मुलीच्या सासरच्यांची चौकशी चार पिढ्या मागे जाऊन करतात, तशी त्याने त्या गावाची आरंभली होती. आग शंभर वर्षांपूर्वीची होती.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, मी लाक्सा (नारळाच्या दुधातल्या तिखटजाळ शेवया) मागवला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"नदीला पूर आला आणि पूल वाहून गेला," मिलिंद म्हणाला.

"कधी रे?"

"आपल्या आजोबांच्या जन्माआधी. पण नदी तीच आहे ना!"

दुसऱ्या दिवशी बागेत प्रचंड वृक्षांकडे पाठ करून त्याने गाव वसवणाऱ्या दोन भावांचं भांडण सांगितलं. दोघांनी समोरासमोर दोन चर्च बांधली म्हणे. मी सिंगापूर पाहिलं ते असं, मिलिंदच्या खांद्यावरून. वैताग आला होता मला.

रविवारी कहर झाला. त्याच गावात जन्मलेला वॉल्टर नावाचा एक निवृत्त इंजिनिअर मिलिंदने शोधून काढला आणि ईस्ट कोस्टच्या आपल्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर पोह्यांना बोलावला. वडीलधारी म्हणून मला सोफ्यावर बसवलं. मीही कशी कोण जाणे, रेशमी साडी नेसले. सई चहाचा ट्रे घेऊन आली आणि आम्हाला बघून थबकली.

"बाबा, सो पाइसे ला! (किती लाजिरवाणं!)"

मिलिंदने यादी काढली. आग कशाने लागली?

"बेकरीतून," वॉल्टर गंभीरपणे म्हणाला. "त्या दिवशीचे पाव छान भाजले होते असं अजून सांगतात."

चर्च? एकच पाद्री दोन्हीकडे प्रवचन देतो, रस्ता धावत ओलांडून. दारू? संस्थापकांनी बंदी घातली होती. मिलिंदचा चेहरा खुलला.

"म्हणून विद्यार्थी शेजारच्या गावी चालत जायचे. तोच आमचा पहिला रस्ता."

यादी संपली. मिलिंदने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग हळूच विचारलं, "तिथे गेलेली मुलं परत येतात का हो?"

वॉल्टरने बशी खाली ठेवली. "मी इकडे निघालो तेव्हा आईनेही हेच विचारलं होतं. येतो म्हणालो. तीस वर्षं झाली."

एरवी इंग्रजीतच उत्तरं देणारी सई मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. खरंच."

मिलिंदने तिच्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप ओढला आणि होकाराचं बटण स्वतःच दाबलं. वॉल्टरने आणखी पोहे मागितले. पोहे संपले होते, म्हणून मी माझ्या बशीतले दिले.

माझ्या परतीच्या दिवशी मिलिंद विमानतळावर सोडायला आला. मी रांगेत उभी राहिले तरी माझी बॅग हातातून सोडीना.

"मी इकडे यायला निघालो तेव्हा बाबांनी सिंगापूरबद्दल एक अक्षर विचारलं नाही गं, ताई."

"तुला नाही विचारलं," मी म्हटलं. "महिनाभर रोज संध्याकाळी फिरायला म्हणून जायचे आणि कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हल एजंटाकडे बसायचे. तिथे पाऊस किती, पाणी उकळून प्यावं लागतं का, ताप आला तर कोण बघतं. शेवटी एजंटाने आईला फोन केला, की काकांचं सिंगापूरला जायचं पक्कं झालं का, नुसतेच येऊन बसतात."

मिलिंद हसायला लागला. बराच वेळ हसत होता. मग बॅग खाली ठेवून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मी रांगेतून बाहेर पडून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.