गेंडेवाला फौजी आणि मावशीची तूर

इंझोरीच्या पलीकडे असलेल्या आपल्या खेड्यात विनोद निवृत्त होऊन परतला, तेव्हा लोकांना त्याच्याकडून चकमकीच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. त्याच्याकडे होत्या गवताच्या. निमलष्करी दलातली त्याची बहुतेक नोकरी आसामात, गेंड्यांच्या एका अभयारण्याला लागून असलेल्या चौकीवर गेली होती. तिथलं गवत उभ्या माणसाला गिळून टाकायचं. गेंडा दिसायच्या आधी ऐकू यायचा. आधी गवत मोडल्याचा करकर आवाज, मग एक लांब फुत्कार, आणि त्यानंतर माणसानं जागचं हलायचं नाही. पहिल्यांदा गेंडा समोर आला तेव्हा हातातली रायफल विनोदला काडीसारखी वाटली होती.

पुढे भीती ओसरली आणि नाद लागला. हिवाळ्यात तिथले वनकर्मचारी ठरवून, थोडं थोडं करत गवत जाळायचे. हे कसलं राखणं, असं विनोदला आधी वाटायचं. पण काही दिवसांतच राखेतून कोवळे कोंब वर यायचे आणि गेंडे त्यावर चरायला उतरायचे. जिथं जाळणं राहून जाई तिथं झुडपं माजत, मग झाडं उभी राहत, आणि गेंडा ती जागा सोडून जाई. झाडं म्हणजेच जंगल, असं शाळेपासून ऐकलेल्या माणसाला ही गोष्ट पचायला बरेच हिवाळे लागले.

गावात त्याला सगळे ‘गेंडेवाला फौजी’ म्हणू लागले. त्याचं त्याला काही वाटलं नाही. तीन एकर वावर घेतलं होतं, बायको स्नेहा अंगणवाडीत होती, दिवस बरे चालले होते. सकाळी उठून तो गावामागच्या माळावर फिरायला जायचा. ती सरकारी ई-क्लासची, म्हणजे गावच्या चराईची जमीन. अर्ध्या माळावर कुसळी आणि पवन्या गवत, अर्ध्यावर गावातल्या भूमिहीनांनी पिढीभरापासून नांगरून वाहिलेले तुकडे. लहानपणी याच माळावर त्यानं बकऱ्या चारल्या होत्या. तेव्हा तो त्याला नुसता उजाड वाटायचा. आता तो तिथं बसून राही. काळविटांचा कळप उड्या मारत धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पलीकडे जाई. आसामातल्या गवतात आणि या गवतात फरक उंचीचाच आहे, असं त्याला वाटू लागलं.

त्या पावसाळ्यात, आषाढ सरता सरता, त्याला तणमोर दिसला. गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उसळला, पंख फडफडवले आणि पडल्यासारखा खाली गेला. थोड्या वेळानं पुन्हा. मादीला बोलवायला नर असा उडतो, हे विनोदच्या कानावर होतं. पाहिलं मात्र कधी नव्हतं. हा पक्षी आता देशात फार थोडा उरलाय, हेही त्याला ठाऊक होतं. तो इतका हरखला की घरी न जाता थेट वनरक्षक उदयसिंगकडे गेला. उदयसिंग भला माणूस. त्यानं दुसऱ्याच दिवशी येऊन पक्षी पाहिला, फोटो काढला, वर कळवलं. विनोदची पाठ थोपटून म्हणाला, “फौजीभाऊ, तुमच्या डोळ्यानं या माळाचं नशीब उघडलं.”

नशीब उघडलं ते असं, की दसऱ्यानंतर मोजणीवाले आले. माळ गवतासाठी राखायचा ठरलं होतं. पक्षी जिथं दिसला त्याभोवती चुन्याची रेघ पडली; रेघेच्या आत शेती बंद. भागिरथामावशीची तूर त्या रेघेच्या आत आली.

भागिरथा विनोदच्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा विनोद दुसरीत होता. तिथून पुढं त्याला भाकर घातली ती मावशीनं. ती ज्या तुकड्यावर तूर पेरायची, त्या जमिनीसाठी तिचा सासरा भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला होता. खडक फोडून, गोटे वेचून त्यानं ती जागा वहितीला आणली होती. मालकीचा पट्टा मात्र कधी नावावर झाला नाही. मावशी विधवा झाली, पोरगी निकिता लग्न होऊन जऊळक्याला गेली, आणि तो तुकडा तेवढा तिचा राहिला.

चुना पडला त्या संध्याकाळी ती विनोदच्या अंगणात आली. स्नेहानं खुर्ची दिली, पण ती बसली नाही.

“तूच सांगतलं का बा त्याइले?”

“हो मावशे,” विनोद म्हणाला. “पण मले असं होईन असं वाटलं नव्हतं.”

“पाखरू पाह्यलं तं मले येऊन सांगा लागत होतं आधी. मी काय त्याले गोटा मारला असता?”

एवढं बोलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो उदयसिंगला भेटला. मावशीचा तुकडा वगळता येईल का, पुढच्या वर्षीपासून पेरणी पक्ष्याची वीण झाल्यावर, उशिरा केली तर चालेल का, हे त्यानं परोपरीनं विचारलं. उदयसिंगचंही तोंड पडलं होतं. कागद वर गेला, आता ते आपल्या हातात नाही, असं त्यानं सांगितलं. उलट त्यानंच विनोदपुढे हात जोडले. ग्रामसभा होती. गेंड्याच्या मुलखात राहून आलेला माणूस बोलला तर लोक ऐकतील, असं उदयसिंगच्या वरच्या साहेबांचं म्हणणं होतं.

ग्रामसभेत विनोद उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. मग त्याला आसामातला एक पूर आठवला आणि त्यानं तोच सांगायला घेतला. सगळीकडे पाणी झालं होतं, फक्त नदीकाठचा उंच बांध कोरडा. त्यावर गावातली माणसं, त्यांची गुरं, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर एक गेंड्याची मादी आपलं पिल्लू घेऊन उभी. विनोद आणि त्याचे सोबती मध्ये पहाऱ्याला. पाणी उतरेपर्यंत ना मादीनं कोणाला धडक दिली, ना कोणी तिच्यावर ढेकूळ फेकलं. माणूस आणि जनावर असं एका जागी राहू शकतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं, असं तो म्हणाला. पाणी उतरल्यावर मादी पिल्लाला घेऊन एका बाईच्या धानातून तुडवत परत गवतात गेली, हेही त्यानं सांगितलं, कारण ते तसंच घडलं होतं.

मागच्या ओळीतून मावशीनं विचारलं, “मंग त्या बाईले काय भेटलं?”

आसामातली ती बाई विनोदच्या डोळ्यांपुढे आली. शेताच्या कडेला बसून चिखलात लोळवलेलं धान हातानं उभं करत होती. नंतर तिचं काय झालं हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. दोन दिवसांनी त्याची तुकडी दुसऱ्या चौकीवर गेली होती.

“मले माहीत नाही,” तो म्हणाला, आणि खाली बसला.

त्यानंतर सभेत बराच गोंधळ झाला. वयस्कर शालिग्रामभाऊ म्हणाले की गवत पाहिजेच, गावची ढोरं चरायची कुठं; पण गवतासाठी दरवेळी आमचंच वावर काहून दिसते. शेवटी एवढंच झालं की उभी तूर काढू द्यायची. त्यानंतर तुकडे सोडायचे, आणि मोबदल्याचं वर विचारायचं.

तूर सोंगायला विनोद गेला. मावशीनं ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. दोघांनी पेंढ्या बांधल्या. तूर घरी गेली आणि आठवडाभरात तिथं सिमेंटचे खांब रोवले गेले. मोबदल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मावशी मजुरीला शेलूबाजारकडे जाऊ लागली. गुडघे धरायचे, तरी जीपमध्ये कोंबून जायची. विनोदला ते पाहवेना. आपल्या तीन एकरातला अर्धा भाग मावशीनं वाहावा, असं त्यानं स्नेहाला सांगितलं. आपल्यालाही मुलगी शिकवायची आहे, हे तिनं एकदाच बोलून दाखवलं आणि मग स्वतःच मावशीकडे गेली. मावशीनं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाली, “फुकट नाही घेत. बटईनं करीन, अर्धं पीक तुमचं.”

यंदा पेरणी तिनं तिथं केली. माळावरच्या तिच्या तुकड्यात अजून गवत आलेलं नाही, नुसतं तरोट्याचं तण माजलं आहे. नांगरलेली जमीन पुन्हा गवताची व्हायला वर्षं लागतात, हे विनोदला आसामात कळलं होतं. तो ते मावशीला सांगत नाही.

विनोदच्या घरची पायरी ती अजून चढत नाही. दुपारी स्नेहानं वावरात चहा नेला तर हातातून घेते. विनोदनं नेला तर म्हणते, “ठेव तिथं.” तो धुऱ्यावर पेला ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो.