फ्रोसिना मावशीचं बियांचं पाणी

फ्रोसिना मावशीच्या परसातलं अव्होकाडोचं झाड गावठी. कुळ दालचिनीचं; पान चुरगळलं की बडीशेपेचा वास येतो. म्हणून मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या आमच्या डोंगरात घेवडा शिजताना ते पान पडतंच. ग्वाटेमालाकडच्या जाड सालीच्या जातीला हा वास नाही. आमचं फळ बोटाएवढं, बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. पण मुळं चिवट. म्हणून आमच्याच बियांची रोपं करून त्यावर बाजारच्या जातीचं कलम बांधतात.

पेरण्याआधी बिया गरम पाण्यात ठेवायच्या, म्हणजे मूळकूज लागत नाही. पाणी हाताला सोसेल इतकंच तापवायचं. जास्त तापलं तर बी मरतं आणि वरून काही कळत नाही. मावशीच्या हाताचा अंदाज कधी चुकला नव्हता.

गावाला पाणी देणाऱ्या झऱ्यावरचं पाइनचं जंगल जळालं, त्याच आठवड्यात जमिनी बळकावणारा रोगासियानो दारात आला. आग कुणी लावली ते शेंबडं पोरही जाणत होतं. बोलायची हिंमत कुणाची?

"आजी, यंदा सगळ्या बिया मला. डोंगरावर बाग करायचीय." कमरेला पिस्तूल, बोलणं मधासारखं.

"ने की बाबा. झाड काय पळून चाललंय?"

तिथे बाग झाली की झरा आटणार आणि गाव उठणार, हे तिला माहीत होतं. त्याच्या बिया भिजवायच्या दिवशी मी पाण्यात हात घातला आणि ओरडले, "मावशी, पोळतंय!"

"गप. चुलीत लाकूड सार."

एकही बी उगवलं नाही. पुढच्या हंगामात तो आला आणि खुर्ची ओढून चुलीपाशीच बसला.

"आजी, आज माझ्यासमोर. आधी तुम्ही हात घाला."

मी मावशीकडे बघितलं. तिने बाही सारली आणि मनगटापर्यंत हात बुडवला.

"कोमट आहे," ती म्हणाली.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती त्याच्या. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"घाला रे बिया," तो शेवटी आपल्या माणसांना म्हणाला. मग तिने हात काढून शालीत घेतला.

त्याही वर्षी कोंब नाही. मावशी आता मक्याच्या तोर्तिया डाव्या हाताने थापते. डोंगरावर पाइनची रोपं वीतभर झालीत.

आज सकाळी त्याची गाडी खालच्या वळणावर थांबलेली दिसली. मावशीने दुसऱ्या हाताची बाही वर सारली.

"चूल पेटव," ती मला म्हणाली.