खालच्या मजल्यावरचा बेस

बेस गिटारसाठी एकच मोठा प्रोसेसर घ्यावा की एकेक सुटं पेडल, हे नेमकं कोण ठरवतं असं तुम्हाला वाटतं? वाजवणारी? दुकानदार? इंटरनेटवर व्हिडिओ टाकणारे दाढीवाले तज्ज्ञ? मी सांगते. भिंत ठरवते. ती किती जाड आहे, तिच्या पलीकडे कोण झोपलंय आणि तो किती वाजता उठतो, यावर ठरतं. हे मला माझ्या धाकट्या बहिणीमुळे कळलं, आणि कळायला एक पत्रक फुकट घालवावं लागलं.

आमचं घर पत्रकांचं. बाबा खासगी कंपनीत हिशेबाचं काम करत आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढत. टँकरची वेळ, बंद पडलेले दिवे, स्टेशनच्या पुलावरची कोंडी. नायगावात पत्रकाला विषय कधी कमी पडला नाही. मी घड्या घालायला शिकले तेव्हा मला जोडाक्षरं येत नव्हती. 'आमची मागणी' हे शब्द मी स्वतःच्या नावाआधी वाचले असतील. म्हणून आजही मला वाटतं, की कोणत्याही वादात एक बाजू बरोबर असते आणि ती एका पानात मावते. बहीण त्याच टेबलावर वाढली. पण घड्या घालता घालता ती थांबायची आणि बोटांनी टेबलावर ठेका धरायची. मग बाबा म्हणायचे, "हिची पत्रकं तिरकी का येतात ते कळलं."

वसईत एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला बसते. पहिल्या पगारांतून तिने परदेशी निघालेल्या एका मुलाकडून जुनी बेस गिटार घेतली. तिच्याबरोबर त्याचा प्रोसेसरही आला. पोळपाटाएवढा डबा, आत ढीगभर आवाज आधीच भरून ठेवलेले. बटण दाबलं की आवाज जाड, पुन्हा दाबलं की खरखरीत, पुन्हा दाबलं की विहिरीतून आल्यासारखा. सुटं पेडल म्हणजे याच्या उलट. साबणाच्या वडीहून जरा मोठी पेटी, तिचं काम एकच. एक आवाज सपाट करते, एक त्याला धार लावते, एक त्याच सुराच्या खाली आणखी एक सूर जोडते. हव्या तेवढ्या पेट्या वायरींनी एकमेकींना जोडायच्या.

मी अर्थातच पेडलांच्या बाजूची. तयार आवाज म्हणजे तयार मत, असं मी तिला जेवताना ऐकवलं.

"कुणीतरी कुठेतरी शिजवून ठेवलंय, आणि तू फक्त गरम करतेयस."

"ताई, डब्याला हेडफोन लागतो," ती म्हणाली. "तुझ्या पेडलांना लागत नाही. त्यांना मोठा ॲम्प लागतो, आवाज खोलीभर फेकणारा. वाजवू इथे? आई, वाजवू?"

आईने फक्त खालच्या फरशीकडे बघितलं. आमच्या खाली राहणारे काका विमानतळावर माल चढवायच्या कामाला आहेत, कायम रात्रपाळी. दिवसभर झोपतात, आणि ते कामाला गेले की बाजूच्या घरात मुलांचा अभ्यास असतो. आमच्याकडे मिक्सरसुद्धा वेळ बघून लागतो. तेव्हा बहीण दोन वर्षं हेडफोन लावून, पलंगाच्या कडेला बसून वाजवत राहिली, आणि आम्हाला घरात फक्त तारांची टिकटिक ऐकू यायची.

मग जवळच्या वटार गावातल्या एका बँडला बेस वाजवणारं कुणीतरी हवं आहे, असं तिला दवाखान्यात कळलं. लग्नाचा मोसम जवळ आला होता आणि त्यांचा बेसवाला नोकरीसाठी पुण्याला गेला होता. मी तिच्याबरोबर गेले. वसईहून बस, मग वाडीतून चालत. बँडचा सराव चालायचा तो केळीची पानं बांधायच्या शेडमध्ये. चारी बाजूंनी केळी, पलीकडे चाफा, आणि सगळ्यांत जवळचं घर बँड चालवणाऱ्या दादाचंच. तो गिटार वाजवतो, वाडी त्याच्या घरची.

"इथे कितीही मोठ्याने वाजव," तो म्हणाला. "कुणी काही म्हणत नाही."

"म्हणायला कुणी आहे का पण?" बहीण म्हणाली. ड्रमवर बसलेला मुलगा हसला आणि तिथेच तिची अर्धी भरती झाली असं मला वाटलं.

उरलेल्या अर्ध्याचं वाईट झालं. तिने घरी दोन वर्षं घासून घासून बसवलेला आवाज त्या शेडमध्ये, मोठ्या ॲम्पमधून आला तो नुसता चिखल. सूर कुठला ते कळेना. पत्रे थरथरत होते, पाण्याची बाटली टेबलावरून सरकत होती, आणि ती मात्र बरोबर वाजवत होती. मला तिची बोटं दिसत होती. ती बरोबर जागी पडत होती.

दादाने हात वर केला आणि सगळे थांबले.

"बोटं चांगली आहेत," तो म्हणाला. "आवाज हेडफोनचा आहे. हेडफोनमध्ये बेस कानात असतो. इथे तो खोलीत असतो. आमच्याकडे हळदीला सगळं गाव अंगणात नाचतं. तिथे सूर पायाला लागला पाहिजे. हे तर पायाखालून वाहून चाललंय."

"ॲम्पवर कमी करू?"

"तुझ्या डब्यात कमी करायला किती बटणं दाबावी लागतात? मांडवात आवाज बिघडला तर तू मेनू उघडत बसणार, आणि वरमाई माझ्याकडे बघत बसणार. पेडल असलं की वाकायचं आणि एक चकती फिरवायची."

मला त्याचं बोलणं पटत होतं, म्हणून जास्तच राग येत होता. ज्याच्या घराभोवती एवढी वाडी आहे, त्याला पेडलांची बाजू घेणं सोपं आहे, असं मी म्हणणारच होते. पण तोवर तो आत जाऊन स्वतःची दोन पेडलं आणि एक छोटा ॲम्प घेऊन आला होता.

"हे घरी ने. मोसम सुरू व्हायच्या आधी पुन्हा ये. तेव्हा जमलं तर तू आमची. नाही जमलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल, राग नको."

परत येताना बसमध्ये ॲम्प मांडीवर घेऊन ती म्हणाली, "ताई, मला यांच्यातच वाजवायचंय." एवढंच. ती कधीही काही मागत नाही. त्यामुळे मी त्याच संध्याकाळी बाबांना म्हटलं, "कागद काढा."

ते पत्रक आम्ही दोघांनी लिहिलं. मथळा होता 'वादनाचा हक्क आणि आपली इमारत'. सुरुवात 'अन्याय सोसणाऱ्या व अन्याय करणाऱ्या सर्व रहिवाशांस' अशी. प्रोसेसर आणि पेडल यांतला फरक एका परिच्छेदात, हेडफोनमुळे कलेची होणारी मुस्कटदाबी दुसऱ्या परिच्छेदात, आणि शेवटी, जाड अक्षरात, रोज एक तास मोठ्याने वाजवू देण्याची मागणी. बाबांनी 'मुस्कटदाबी' खाली रेघ मारली. आमच्या विंगमधल्या प्रत्येक दाराखाली आम्ही ते सरकवलं. बहीण दवाखान्यात होती. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

धक्का तिला लिफ्टमध्ये बसला. एका बाईंनी तिला विचारलं, तुम्ही निवडणुकीला उभ्या आहात का. दुसऱ्या एकांनी सांगितलं की पाठिंबा आहे, पण आधी पार्किंगचं बघा. त्या दिवशी ती लवकर सुटली होती. घरी येऊन ती बॅग न ठेवता उभी राहिली.

"यात माझं नाव नाही, हे एक बरं केलंत," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांना कळलंय कुणाबद्दल आहे ते."

तेवढ्यात बेल वाजली. खालचे काका. डोळे नुकतेच उघडलेले, हातात आमचं पत्रक.

"दादा," ते बाबांना म्हणाले, "एक शंका होती. अन्याय सोसणारे आणि करणारे, असं दोन्ही लिहिलंय. यातला मी कोणता?"

बाबांच्या आयुष्यात पत्रक वाचून असा थेट प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक पत्रक घेतात, घडी घालतात, जातात. बाबा म्हणाले, "बसा ना."

"बसत नाही. रागही नाही. मी सकाळी येऊन झोपतो. तुमच्या मुलीने मला कधी त्रास दिलेला नाही. म्हणजे, तिची टाच ऐकू येते. आमची ही म्हणते, वरचे मसाला कुटतात."

बहिणीने स्वतःच्या पायांकडे बघितलं. दोन वर्षं हेडफोन लावून ती टाचेने ताल धरत होती, आणि आम्ही सगळे समजत होतो की तिचा आवाज बाहेर जात नाही.

"काका," ती म्हणाली, "मी तुमच्याकडे येऊन ऐकू का?"

"काय ऐकणार?"

"मी वाजवते ते खाली कसं येतं ते."

काका जिन्याकडे वळले. "ये. मी जागाच आहे आता."

पुढे जे झालं ते आमच्या घराण्याच्या कार्यपद्धतीत बसणारं नव्हतं. बहिणीने गिटार बाबांच्या गळ्यात अडकवली, डबा ॲम्पला जोडला आणि कोणती तार कशी ओढायची ते दाखवलं. स्वतः खाली गेली, मी तिच्यामागे. काकूंनी बेडरूममधल्या चादरी भराभर नीट केल्या. बहीण खोलीच्या मधोमध उभी राहिली, फोन कानाला.

"बाबा, सगळ्यात जाड तार."

छतातून घूं असा आवाज आला. कपाटाच्या काचा वाजल्या. सूर नव्हताच, नुसती थरथर.

"हाच," ती मला म्हणाली. "शेडमध्ये झालं ते हेच."

मला काही कळलं नाही. तिला मात्र सगळं कळलं होतं. ती वर धावली, डब्यात काहीतरी बदललं, पुन्हा खाली आली. बाबांनी पुन्हा तार ओढली. घोषणा दिल्यासारखी ओढत होते. "हळू, बाबा. मोर्चा नाहीये." पुन्हा वर, पुन्हा खाली. डब्यातले भरलेले आवाज तिने एकेक काढून टाकले. मग डबाच काढला आणि दादाचं सपाट करणारं पेडल लावलं. त्याची चकती काय करते ते तिला काकांच्या छताकडे बघत कळत होतं. धार लावणारं पेडल लावून बघितलं, तर काकू म्हणाल्या, "हे नको बाई, दात शिवशिवतात." ते गेलं.

कधीतरी काकाही वर बघत उभे राहिले. "आता खालचं कमी आलं," ते म्हणाले. "मघा छातीत धडधडत होतं. आता सूर कळतो. सा आहे ना?"

"तुम्ही गाता?" बहिणीने विचारलं.

"गावी भजनात पेटी वाजवायचो. इथे कुठे वाजवणार. खाली पण कुणीतरी राहतंच की."

त्या वाक्यावर मला एक अख्खं पत्रक सुचलं. मी लिहिलं नाही, कारण काका तेव्हाच बहिणीला सांगत होते, की ते संध्याकाळी पाचला उठतात आणि सहाच्या सुमारास कामाला निघतात, आणि ते जागे असताना तिने खुशाल ॲम्पवर वाजवावं. काकू म्हणाल्या, दवाखान्यातून कधी यायला उशीर झाला तर दार वाजवून सांग, पाच मिनिटं इकडेतिकडे चालतील. ती दवाखान्यातून लवकर सुटायला लागली, त्यासाठी सकाळी लवकर जायला लागली. तो तास तिने एकदाही वाया घालवला नाही. बाकीचा वेळ डबा, हेडफोन, आणि पायाखाली दुमडलेली गोधडी.

मोसमाच्या आधीच्या रविवारी आम्ही पुन्हा वटारला गेलो. दादाने आधी तिच्या पायाशी बघितलं. तिथे एकच पेडल होतं. दुसरं तिने त्याच्या हातात परत दिलं.

"मग काय ठरलं?" त्याने विचारलं. "डबा की सुटी पेडलं?"

"घरी डबा. इथे हे एक."

"एकच?"

"याचं काम मला कळलंय. दुसऱ्याचं अजून नाही."

मला राहवेना. मी म्हटलं, "पण तत्त्व म्हणून काय बरोबर?" दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि ड्रमवाल्या मुलाने काठ्या आपटून चार मोजले.

ती वाजवायला लागली तेव्हा पत्रे गप्प होते. मी शेडच्या कडेला चपला काढून जमिनीवर उभी होते, आणि प्रत्येक सूर मला तळव्यांना वेगवेगळा कळत होता. मध्ये एकदा आवाज जड व्हायला लागला. ती वाजवता वाजवता वाकली, चकती थोडी फिरवली आणि सरळ झाली. दादाने तिच्याकडे बघून मान हलवली. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "पहिली हळद पुढच्या शनिवारी आहे. काळे कपडे नको, आमच्या आईला चालत नाहीत." तिने विचारलं, "म्हणजे मी आहे?" तो म्हणाला, "मग काय पत्रक काढू?"

म्हणजे आमच्या पत्रकाची सगळी कथा त्याच्यापर्यंत पोहोचली होती. तिने सांगितलं असणार. मी तिला माफ केलं.

प्रोसेसर चांगला की पेडल, याचं एका पानात मावेल असं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि हे लिहिताना मला त्रास होतो. हेडफोनवाला डबा ज्यांना घ्यावाच लागतो, त्यांना कुणी कमी लेखू नये, एवढं मी ठामपणे म्हणते. आणि तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या वर, खाली किंवा शेजारी कुणी वाजवत असेल, तर या आठवड्यात जाऊन त्यांच्या दाराची बेल वाजवा. त्यांना तुमच्या घरात बोलवा, मधोमध उभं करा, आणि त्यांचा आवाज तुमच्याकडे कसा येतो ते त्यांना ऐकू द्या. मग तुम्ही जागे असता असा एक तास त्यांना तोंडी सांगा.